आयुर्वेदाची तोंडओळख

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर माझं नाव आजवर दोनदाच लागलं. दोन्ही कागद एकाच दिवशी लागले आणि शेजारी शेजारी लागले. डावीकडच्या कागदावर होतं, 'खोली क्र. ३०४चे सभासद श्री. नंदकुमार परब यांच्या न्हाणीघरातून खालच्या मजल्यावर तेलकट पाणी गळत असल्याने त्यांना याद्वारे समज देण्यात येत आहे.' उजवीकडच्या कागदावर होतं, 'आयुर्वेदाचे गाढे अभ्यासक श्री. नंदकुमार परब यांचे व्याख्यान. सर्वांनी लाभ घ्यावा.' लिफ्टची वाट बघणारा माणूस आधी डावा कागद वाचायचा, मग उजवा, आणि मग मी शेजारी उभा असलो तर माझ्याकडे बघायचा. मी वर लिफ्टच्या आकड्यांकडे बघायचो.

ह्याला सुरुवात झाली माझ्या ॲसिडिटीपासून. मी मरोळच्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. आम्ही व्हॉल्व्ह बनवतो. माझी सही झाल्याशिवाय एकही व्हॉल्व्ह गेटच्या बाहेर जात नाही, त्यामुळे आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या द्रवांबद्दल मला थोडंफार कळतं असा माझा समज होता. पण दुपारी जेवलो की संध्याकाळपर्यंत माझ्या छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी, आणि घरी आल्यावर चिडचिड. ह्यातलं शेवटचं लक्षण माझ्या लक्षात आलं नव्हतं, ते जयाने सांगितलं. जया म्हणजे माझी बायको. ती सकाळच्या शाळेच्या ऑफिसात आहे, आणि रोज दोन हजार मुलांच्या आयांना तोंड देत असल्याने तिचं कोणी ऐकलं नाही असं होत नाही.

"शनिवारी वैद्यांकडे जायचं," ती म्हणाली. "आपल्या मागच्या गल्लीत आहेत."

वैद्य म्हटल्यावर मी मनात एक पांढरी दाढी, एक खल आणि उदबत्तीचा वास अशी तयारी करून गेलो. समोर पस्तिशीतल्या बाई बसल्या होत्या, जीन्सवर कुर्ता, टेबलावर बीपीचं यंत्र. वैद्य अक्षता सामंत. माझ्या दोन्ही हातांची नाडी त्यांनी बराच वेळ बघितली, जीभ बघितली, आणि मग प्रश्न सुरू केले. पहिला सोपा होता.

"पोट साफ होतं का?"

"होतं."

"कसं होतं?"

मी जयाकडे बघितलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण ह्या विषयावर आम्ही तिसऱ्या माणसासमोर कधी बोललो नव्हतो. मी शब्द जुळवत होतो तेवढ्यात जयानेच उत्तर दिलं. वेळ, किती वेळ, कुठला पेपर, सगळं. इतकी वर्षं मी ही माझी खासगी बाब समजत होतो.

"भूक लागते?" बाईंनी मला विचारलं.

"जेवतो ना."

"जेवता ते कळलं. भूक लागते का?"

आता खरं सांगतो, मला आठवेना. आमचं कँटीन एकला उघडतं, दोनला बंद होतं, म्हणून मी एकला जेवतो. चार वाजता चहा येतो म्हणून चहा पितो. साडेचारला कोणाचा तरी वाढदिवस असतो म्हणून समोसा खातो. ह्यात भुकेचा संबंध कुठेच येत नव्हता. मग पुढचे प्रश्न, झोप लागते का, की डोळे मिटून मोबाइलचा विचार करता? घाई असते की घाईची सवय आहे? चाळीस मिनिटं त्या विचारत होत्या आणि मध्ये एकदाही त्यांनी घड्याळ बघितलं नाही. माझ्या वडिलांनीसुद्धा मला सलग इतके प्रश्न विचारले नव्हते, आणि त्यांनी विचारलेल्यांपैकी बहुतेक मार्कांबद्दल होते.

मग त्यांनी समजावलं. "शरीरात जे हलतं, हलवतं, ते वात. जे पचवतं, तापतं, ते पित्त. जे धरून ठेवतं, ते कफ. तिन्ही सगळ्यांत असतात. तुमच्यात पित्ताचा जोर आहे आणि तुम्ही त्याला रोज समोसा घालताय."

एवढं सोपं कोणी मला कधी सांगितलं नव्हतं. मी औषधाची वाट बघत बसलो. त्यांनी एका कागदावर चार ओळी लिहिल्या. सकाळी एकाच वेळी उठा, कोमट पाणी प्या. चमचाभर तिळाचं तेल पाच मिनिटं तोंडात धरा, गिळू नका, बोलू नका. आंघोळीआधी अंगाला कोमट तेल लावा, चमचाभर मसुराच्या पिठाने काढा. भूक लागल्यावर जेवा आणि रात्री आठच्या आत जेवा.

"आणि औषध?"

"पंधरा दिवसांनी बघू. लागलं तर. आणि परब, ह्यात स्वतःचं काही मिळवू नका."

ही शेवटची सूचना मी पाळली असती. पण मी तेलाची बाटली घेऊन लिफ्टमध्ये शिरलो आणि सोसायटीला कळलं.

तिळाचं कशाला, खोबरेल थंड असतं. खोबरेल कशाला, मोहरीचं घ्या, माझा दीर बघा. कोमट पाण्यात मध घाला. मध गरम पाण्यात घालू नका, लिंबू घाला. पाणी तांब्याच्या भांड्यातलं हवं. तांबं खरं असलं पाहिजे, हल्ली पॉलिश असतं. तळमजला ते तिसरा मजला ह्या प्रवासात आमच्या लिफ्टला बावीस सेकंदं लागतात, आणि त्यात एकूण तीन सल्ले बसतात हे मी मोजलेलं आहे. मी सगळे टाळले. फक्त एकच ऐकला. मसुराच्या पिठाने तेल नीट निघत नाही, बेसन घ्या, आणि चमचाभराने काय होतंय, वाटीभर घ्या.

पहिल्या दिवशी मी तेल लावून न्हाणीघरात उभा राहिलो आणि उभा राहिलो असं म्हणण्याइतकाही वेळ गेला नाही. आवाज समोरच्या ब्लॉकपर्यंत गेला. तिथे प्रबुद्ध जाधव राहतो, पालिकेच्या हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन आहे, माझ्याच वयाचा. त्याने दारावर थाप मारली.

"नंदू, पडलास काय रे?"

"नाही. बसलोय."

"बरं. उठता येत नसेल तर सांग."

उठता येत नव्हतं, पण सांगितलं नाही. तेल लावलेल्या माणसाला तेल सांडलेल्या लादीवरून उठणं हे पटकन जमण्यासारखं काम नाही. शेवटी मी सरकत सरकत उंबऱ्यापर्यंत आलो आणि कपड्यांच्या मशीनला धरून उभा राहिलो.

पण चार दिवसांत फरक पडायला लागला, हे कबूल केलं पाहिजे. सकाळी अंगाला कोमट तेल लावताना आपल्याला पिंढऱ्या आहेत, टाचा आहेत, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. इतकी वर्षं मी त्यांच्यावर उभा होतो आणि ओळख नव्हती. सहाव्या दिवशी कँटीनमध्ये एक वाजता मी ताटापुढे बसलो आणि लक्षात आलं की पोट मागतंय. ताटातली दुधी भोपळ्याची भाजी, जी मी एरवी शेजारच्या टेबलावर सरकवतो, ती मी पुसून खाल्ली. छातीत जळलं नाही. चार ओळींचा कागद मी पाकिटात ठेवला होता तो काढून परत वाचला, आणि ज्या कोणी हजारो वर्षांपूर्वी माणसाकडे इतकं निरखून बघितलं असेल त्याच्याबद्दल मला फार आदर वाटला.

आदर तिथेच थांबवला असता तर बरं झालं असतं. मी अभ्यास सुरू केला. मोबाइलवर व्हिडिओ बघितले आणि माणसं ओळखायला लागलो. आमचा मॅनेजर पित्त. सोसायटीचे सेक्रेटरी भाऊराव सोनवणे, दिवसभर जिने चढतात-उतरतात आणि बोलतात, वात. जयाने विचारलं, "आणि मी?"

"कफ," मी कौतुकाने म्हणालो. "म्हणजे स्थिर, शांत, थोडं जड..."

त्या रात्री मी आठच्या आतच जेवलो, पण स्वतः वाढून घेऊन.

नवव्या दिवशी, सोमवारी, जया शाळेत गेली होती. मी टॉवेल गुंडाळून, अंगभर तेल लावून, तोंडात चमचाभर तेल धरून हॉलमध्ये उभा होतो. बेल वाजली. दारात भाऊराव. भाऊराव सरकारी कचेरीतून निवृत्त झालेत, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. हातात वही होती.

"परब, तुमच्या मोरीतून खाली अण्णांच्या न्हाणीघरात गळतंय. तेलकट पाणी, आणि वर पिवळा थर. तुम्हाला हे मान्य आहे?"

तेल, बेसन आणि गरम पाणी एकत्र केल्यावर काय होतं हे घरातल्या कोणालाही विचारलं असतं तर कळलं असतं. माझ्या मोरीच्या पाइपात आठ दिवस पिठलं शिजत होतं. व्हॉल्व्ह पास करणाऱ्या माणसाला हे सुचलं नाही ह्याची मला त्या क्षणी फार लाज वाटली. मी मान डोलावली.

"मान्य. लिहितो. पण हे तेल कसलं? आयुर्वेद म्हणतात ते तुम्हीच करताय?"

मी मान डोलावली.

"अभ्यास चाललाय म्हणे."

हेही नाकारता येत नव्हतं.

"मग बरं झालं. रविवारी ज्येष्ठ नागरिक मंडळात आमचे वक्ते यायचे नाही म्हणतायत. तुम्ही बोला. आयुर्वेदाची तोंडओळख, असा विषय टाकतो."

इथे मी जोरात नकारार्थी मान हलवली. तेल ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर यायला लागलं. ते आत ठेवायला मी डोकं मागे टाकलं, मग घशात जायला लागलं म्हणून पुढे आणलं, परत मागे टाकलं. भाऊरावांनी हे सगळं नीट बघितलं आणि वहीत लिहिलं.

तुम्ही म्हणाल, थुंकायचं होतं. पण पाचातली चार मिनिटं झाली होती, आणि मला ती वाया घालवायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी दोन्ही कागद लागले. मी भाऊरावांना गाठलं. ते म्हणाले, जाहीर झालेला कार्यक्रम रद्द करायचा तर तीन प्रतींत अर्ज करा, तो कमिटीच्या बैठकीत येईल. बैठक महिन्याच्या शेवटी होती. व्याख्यान रविवारी होतं. बरं, 'गाढे' हा शब्द कोणी घातला विचारलं तर म्हणाले, कागदावर जागा उरली होती. आणि मला सांगायला संकोच वाटतो, पण दोनचारदा ती नोटीस वाचल्यावर तो शब्द मला तितकासा वाईट दिसेना.

त्याच मनःस्थितीत मी संध्याकाळी खालच्या मजल्यावर अण्णांकडे माफी मागायला गेलो. अण्णा कदम, वय अठ्ठ्याहत्तर, मूळचे मालवणकडचे. मुलगा-सून दोघं नोकरीला, घरात दिवसभर हे एकटे. प्लंबर येऊन गेला होता, छतावर पिवळा डाग तेवढा उरला होता. अण्णांना डागाचं काही नव्हतं. ते म्हणाले, "बस रे नंद्या. तू म्हणे डॉक्टर झालंस."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी त्यांचा हात हातात घेतला. नाडी लागली, म्हणजे ठोके लागले, त्यातलं वात कुठलं आणि पित्त कुठलं ते देवाला माहीत. मग मी बाईंनी मला विचारलेले प्रश्न क्रमाने विचारले. झोप लागते का, भूक लागते का, मनात काय चालतं. अण्णा पाऊण तास बोलले. मध्येच त्यांनी विचारलं, "ही बीपीची गोळी आठ वर्सां खातंय मी. ती बरी काय वायट?"

मी डोळे किंचित मिटून म्हणालो, "शरीराला बाहेरचं जितकं कमी, तितकं बरं."

हे वाक्य मी व्हिडिओत ऐकलं होतं. बोलताना ते फार वजनदार वाटलं होतं.

शनिवारी संध्याकाळी मी व्याख्यानाचे कागद घेऊन बसलो होतो. प्रबुद्ध बेल न वाजवता आत आला.

"अण्णा जिन्यात कठडा धरून उभे होते. चक्कर येतेय, डोकं ठणकतंय. मंगळवारपासून बीपीची गोळी बंद केलीय त्यांनी. कोणी सांगितलं विचारलं, तर तुझं नाव घेतायत."

हातातले कागद मी तिथेच टाकले. आम्ही दोघं धावत खाली गेलो. अण्णा खुर्चीत बसले होते, चेहरा लालसर, पण मला बघून हसले. "नंद्या, पयले दोन दिस माका बरा वाटला हां. आता जरा फिरता." त्यांच्या डॉक्टरांचा दवाखाना हायवेच्या पलीकडे, सामंत बाईंचा मागच्या गल्लीत. प्रबुद्ध म्हणाला, आधी जवळ जाऊन बीपी बघू.

बाईंनी बीपी बघितलं. परत बघितलं. आकडा बोलून दाखवला नाही, कागदावर लिहून प्रबुद्धकडे सरकवला आणि प्रबुद्धच्या चेहऱ्यावरून मला कळलं. त्यांनी अण्णांच्या डॉक्टरांचा नंबर मागितला, स्वतः फोन केला, दोन मिनिटं बोलल्या आणि म्हणाल्या, "रिक्षा करा. ते वाट बघतायत. अण्णा, तुमची गोळी तुम्ही फक्त त्यांना विचारून बदलायची. मला विचारूनसुद्धा नाही."

अण्णांना प्रबुद्ध बाहेर घेऊन गेला. मी त्यांच्यामागे निघालो, तर बाईंनी थांबवलं.

"परब, तुम्ही व्हॉल्व्ह तपासता ना? मी उद्या तुमच्या कारखान्यात येऊन चालू लाइनवरचा एक व्हॉल्व्ह दाखवून म्हटलं, हा काढून टाका, बाहेरचं जितकं कमी तितकं बरं. तर?"

"मी तुम्हाला गेटच्या आत येऊ देणार नाही."

"का?"

"आत प्रेशर किती आहे ते तुम्हाला माहीत नाही म्हणून."

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला थोडं बरं वाटलं असतं. मी दारापर्यंत गेलो तेव्हा म्हणाल्या, "उद्याचं व्याख्यान किती वाजता आहे?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुमच्या मिसेसनी फोटो पाठवला. दोन्ही कागदांचा. मी येते. आधी तुम्ही बोला."

अण्णांना त्यांच्या डॉक्टरांनी अडीच तास झोपवून ठेवलं, गोळी परत सुरू केली, आणि बीपी खाली आल्यावर घरी सोडलं. तोपर्यंत मी दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून होतो. अण्णांचा मुलगा आला, तो माझ्या शेजारी न बसता समोर बसला. त्या अडीच तासांत मला अजिबात भूक लागली नाही, आणि ती का लागली नाही हे समजायला मला वैद्य लागला नाही.

रविवारी पाच वाजता खालचा हॉल भरला होता. एरवी ह्या मंडळाला पंधरा माणसं असतात, त्या दिवशी साठ होती, कारण नोटीस बोर्डावरचा डावा कागद सगळ्यांनी वाचला होता. पहिल्या रांगेत अण्णा, त्यांच्या शेजारी प्रबुद्ध. मागे दाराजवळ जया आणि सामंत बाई. भाऊरावांनी माझी ओळख करून देताना 'गाढे' शब्दावर जोर दिला.

मी उभा राहिलो. म्हणालो, "मी अभ्यासक नाही. मी पंधरा दिवसांपूर्वी पेशंट झालो. मला चार ओळी लिहून दिल्या होत्या. त्यातली एक मी बदलली, तर अण्णांचं छत गळलं. पाचवी मी मनाने घातली, तर अण्णा काल दवाखान्यात होते." आणि मग मंगळवारचं सगळं सांगितलं, हात धरला, डोळे मिटले, ते वाक्य, तेही. भाऊरावांनी वही उघडली होती, ती मिटली.

मग म्हणालो, "जे खरं कळलं ते एवढंच. मला भूक लागायला लागली आहे. ते ज्यांच्यामुळे झालं त्या मागे उभ्या आहेत."

बाई पुढे आल्या. पाच मिनिटंच बोलल्या. एका वेळी उठणं, भुकेला जेवणं, अंगाला तेल, झोप, आणि चालू औषध कोणाच्या सांगण्यावरून बंद न करणं. केस गळण्यावर एकीने विचारलं, तर म्हणाल्या, दवाखान्यात या, बघितल्याशिवाय सांगणार नाही. गुडघ्यावर विचारलं, तेच उत्तर. दोन माणसं कंटाळून उठून गेली. उरलेली मात्र जरा सरसावून बसली. बघितल्याशिवाय काही न सांगणारं माणूस त्यांनी ह्या हॉलमध्ये पहिल्यांदाच बघितलं असावं.

शेवटी मागून कोणीतरी म्हणालं, "अण्णा, तुम्हाला परबांचा राग नाही आला?"

अण्णा सावकाश उठले. "इलो तर. कालच्या राती लय इलो." ते माझ्याकडे वळले नाहीत, हॉलकडे बघत बोलत होते. "पण आमची ही जावन आठ वर्सां झाली. तेच्यानंतर माका कोणी इचारलाच नाय, अण्णा, तुका झोप लागता काय? ह्यान इचारल्यान. म्हणान माका वाटला, ह्येका कळता."

अण्णा बसले.

लोक उठले, चहा झाला, हॉल रिकामा व्हायला लागला. वक्त्याला नारळ देतात, मला खुर्च्या आवरायला सांगितलं, आणि मला ते रास्त वाटलं. चार खुर्च्या एकात एक घातल्या असतील तेवढ्यात बघितलं, तर सामंत बाई पहिल्या रांगेत अण्णांच्या शेजारी येऊन बसल्या होत्या. "रात्री जाग कितीला येते?" त्या विचारत होत्या. "मग काय करता? उठून बसता की पडून राहता?" अण्णा सांगत होते, हळू, मध्ये मध्ये थांबून. त्या थांबलेल्या वेळात त्याही थांबत होत्या.

खुर्च्यांचा आवाज होत होता म्हणून मी हातातली खुर्ची तशीच धरून उभा राहिलो.

दारात भाऊराव हॉलची किल्ली घेऊन उभे होते. हॉल साडेसहाला बंद करायचा हा नियम त्यांचाच, त्यासाठी त्यांनी गणपतीची आरतीसुद्धा एकदा आटोपती घ्यायला लावली होती. मी त्यांच्याजवळ गेलो आणि हळूच म्हणालो, "भाऊराव, पावणेसात झाले."

"असू दे," ते म्हणाले. मग किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "अण्णांचं झालं की मला पण जरा विचारायचंय."

मी हातातली खुर्ची त्यांना बसायला दिली.